वृद्धाश्रम, केअर सेंटर, नर्सिंग होम: देखरेख कोणाची, तक्रार कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडिलांना किंवा घरातल्या इतर ज्येष्ठांना शुश्रूषेसाठी बाहेर ठेवलेल्या कुटुंबांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण असते. तक्रार खरी असते, पण ती चुकीच्या दारात नेली जाते आणि तिथून परत येते. म्हणून आधी कोणतं ठिकाण कोणत्या कायद्यात बसतं ते सांगितलं आहे आणि मग तक्रारीकडे वळलो आहोत. उत्तरं महाराष्ट्राच्या संदर्भात आहेत. इतर राज्यांविषयी प्रश्न १६ पाहा.

१. वृद्धाश्रम, केअर सेंटर आणि नर्सिंग होम यांत कायद्याच्या दृष्टीने फरक काय?

नर्सिंग होम म्हणजे आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा. प्रसूतिगृहंही त्यातच येतात. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग होम्स नोंदणी अधिनियम, १९४९ हा कायदा आहे. वृद्धाश्रमात राहणं, जेवण आणि सोबत मिळते. उपचार हा तिथला मुख्य भाग नसतो. त्याचा संबंध ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याशी आणि सामाजिक न्याय विभागाशी येतो.

‘केअर सेंटर’, ‘असिस्टेड लिव्हिंग’, ‘पेशंट केअर होम’ ही नावं मात्र बाजारातली आहेत. अशा पाटीखाली साधा वृद्धाश्रम असू शकतो किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांनी भरलेला वॉर्डही असू शकतो. त्यामुळे पाटी काय सांगते यापेक्षा आत काय चालतं ते पाहायचं. बहुतेक गोंधळ याच ठिकाणांबाबत होतात. त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

२. नर्सिंग होमवर सरकारची देखरेख म्हणजे नेमकं कोण काय करतं?

महापालिका क्षेत्रात हे काम महापालिकेच्या आरोग्य विभागाचं आणि इतरत्र मुख्यतः जिल्हा शल्यचिकित्सकांचं, म्हणजे सिव्हिल सर्जनचं. कायद्याच्या भाषेत हे ‘स्थानिक पर्यवेक्षकीय प्राधिकारी’. नोंदणी देणं, दर तीन वर्षांनी नूतनीकरण करणं, तपासणीला जाणं आणि गरज पडल्यास नोंदणी रद्द करणं हे अधिकार त्यांचेच. प्रभारी व्यक्ती पात्र नसेल किंवा पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, असं कायद्यातच म्हटलं आहे. ‘आमच्याकडे नर्स नाहीत, पण अनुभवी मावशी आहेत’ हे उत्तर म्हणून तर चालतच नाही.

या कायद्याखालचे १९७३ चे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. स्थानिक प्राधिकाऱ्याने टोल-फ्री क्रमांकासह तक्रार निवारण कक्ष ठेवायचा, हेही त्यात आलं. २०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, म्हणून आपल्याकडे १९४९ चाच कायदा चालतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं या कायद्याबाहेर आहेत. तिथली तक्रार रुग्णालयाचे अधीक्षक किंवा अधिष्ठाता, मग आरोग्य किंवा वैद्यकीय शिक्षण विभाग आणि ‘आपले सरकार’ पोर्टल या मार्गाने जाते.

३. वृद्धाश्रम सरकारकडे नोंदलेला असतोच ना?

बहुतेक वेळा संस्था नोंदलेली असते. संस्थेची नोंदणी वेगळी आणि तिथल्या शुश्रूषेवरची देखरेख वेगळी. ट्रस्ट असेल तर तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. ते कार्यालय हिशेब, मालमत्ता आणि विश्वस्तांचा कारभार पाहतं. रात्री दोन वाजता आजोबांना पाणी कोण देतं, हा त्याच्या तपासणीचा विषय नाही. अनुदानित वृद्धाश्रम असेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाला विचारणा करता येते, कारण पैसा तिथून येतो.

२००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा, असं कलम १९ मध्ये आहे. खासगी, पैसे घेऊन चालणाऱ्या वृद्धाश्रमांची सक्तीची नोंदणी आणि सेवेचे किमान दर्जे मात्र त्या कायद्यात नाहीत. ती उणीव भरून काढणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं. दरमहा हजारो रुपये घेऊन परावलंबी माणसं सांभाळणाऱ्या जागांसाठी किमान दर्जा ठरवणारा कायदा नसावा, ही फार गंभीर गोष्ट आहे. ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या आमदार-खासदारांकडे हा विषय सतत लावून धरायला हवा.

४. जागा पाहायला गेलो तर कोणते कागद मागायचे? ‘रजिस्ट्रेशन आहे’ एवढंच सांगतात.

‘कोणत्या कायद्याखालचं?’ असं लगेच विचारा. गुमास्ता, म्हणजे शॉप ॲक्टचा दाखला, उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी किंवा ट्रस्टचा क्रमांक दाखवून अनेकजण विषय संपवतात. यांतला एकही कागद शुश्रूषेचा परवाना नाही. नर्सिंग होम असेल तर नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावलेलं असायलाच हवं. त्यावरची मुदत आणि खाटांची संख्या वाचा. पंधरा खाटांची नोंदणी आणि खोल्यांत तीस माणसं असतील तर पुढे काही विचारायची गरज उरत नाही.

आगीच्या बाबतीत जरा जास्त चिकाटी दाखवा. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळं गेली आणि त्याच एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातले रुग्ण गेले. पळू न शकणारी माणसं जिथे आहेत तिथे आग म्हणजे काय, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. शेवटचा फॉर्म बी दाखवा म्हणा. बंगल्यात किंवा रहिवासी इमारतीच्या मजल्यावर चालणाऱ्या केंद्रात दुसरा जिना आहे का आणि खिडक्यांच्या जाळ्या उघडतात का, हे स्वतः पाहा.

सुया, कॅथेटर, ड्रेसिंगचा कचरा निघत असेल तर जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगीही लागते.

५. केंद्रात राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून घातलेल्या नळीने, जेवण देतात, ऑक्सिजन लावतात, सलाइनही चढवतात. नोंदणी विचारली तर ‘आम्ही हॉस्पिटल नाही, केअर सेंटर आहोत’ म्हणतात. मग यांना जबाबदार कोण धरणार?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. १९४९ च्या कायद्याच्या व्याख्येत आजार आणि इजेच्या बरोबरीने दुर्बलता हाही शब्द आहे. दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांना उपचार आणि शुश्रूषा दिली जात असेल, तर ती जागा या व्याख्येत येते असं म्हणायला भक्कम आधार आहे. पाटीवर काय लिहिलंय याने ते बदलत नाही. जिथे फक्त जेवणखाण आणि हात धरून फिरवणं आहे ती जागा यात येणार नाही. नाकातली नळी, मूत्राची पिशवी, जखमेचं ड्रेसिंग, इंजेक्शनं असा रोजचा क्रम असेल तर ती फक्त निवासाची सोय राहत नाही.

नर्सिंग होम म्हणून वापरल्या जात असल्याचा वाजवी संशय असलेल्या जागेतही तपासणीसाठी जाण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. म्हणून पत्रात ‘सेवा वाईट आहे’ एवढंच लिहू नका. ‘अमुक पत्त्यावर विनानोंदणी नर्सिंग होम चालत असल्याचं दिसतं, तिथे पुढील उपचार दिले जातात, कृपया तपासणी करून नोंदणी आवश्यक आहे का ते लेखी कळवावं’ असं लिहा. पहिल्या पत्रावर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असं उत्तर येऊ शकतं, पण दुसऱ्या प्रकारच्या पत्रावर त्यांना निर्णय द्यावा लागतो.

राहणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे किंवा मानसिक आजाराचे रुग्ण असतील तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ पाहा. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचं भान बिघडणंही येतं. अशा रुग्णांची निगा आणि उपचार करणाऱ्या आस्थापनेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. अपंगत्व असलेल्यांसाठीच्या संस्थांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. पार्किन्सन त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे, हे अनेक कुटुंबांना माहीत नसतं.

६. तक्रार करायचीच झाली तर सुरुवात कुठून करू?

केंद्राच्या प्रमुखाला लेखी कळवण्यापासून. ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालेल, पण तोंडी नको. तारीख, वेळ, काय पाहिलं, कोण ड्यूटीवर होतं आणि काय बदल हवा, एवढं त्यात असावं. उत्तरासाठी दोन-तीन दिवस द्या. जिवाला धोका असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी रुग्णाला हलवा किंवा प्रश्न ११ प्रमाणे करा.

उत्तर आलं नाही तर नर्सिंग होमची तक्रार प्रश्न २ मधल्या प्राधिकाऱ्याकडे जाते. डॉक्टरांचं व्यावसायिक वर्तन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, नोंदणीकृत परिचारिकेचं महाराष्ट्र नर्सेस कौन्सिलकडे, स्वयंपाकघर आणि अन्नाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, ट्रस्टचा कारभार धर्मादाय आयुक्तांकडे आणि नुकसानभरपाई ग्राहक आयोगाकडे. एकाच पत्राच्या सहा प्रती सहा ठिकाणी पाठवू नका. प्रत्येक कार्यालय तो कागद दुसऱ्याकडे ढकलतं. ज्याच्या अखत्यारीत जेवढं येतं तेवढंच त्याला लिहा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ रोज सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. छळ होत असलेल्या किंवा टाकून दिलेल्या ज्येष्ठांपर्यंत पोहोचण्याचं कामही त्यातून होतं.

७. बाबांना बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, झाले. केंद्र म्हणतं वयामुळे होतातच. हा निष्काळजीपणा धरायचा का?

प्रत्येक बेडसोर निष्काळजीपणाने होत नाही. शेवटच्या टप्प्यातल्या, अन्न न जाणाऱ्या माणसाला उत्तम काळजी घेऊनही जखम होऊ शकते. पण ‘होतातच’ हे उत्तर म्हणून स्वीकारू नका. खूप जखमा टाळता येतात, आणि टाळायचा प्रयत्न झाला होता की नाही हे कागदावर दिसतं.

स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, एअर मॅट्रेसवर असला तरी. हवेची गादी घेतली म्हणजे कूस बदलायला नको, हा फार पसरलेला गैरसमज आहे. माकडहाड, टाचा, नितंबांची बाजू आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहायची असते. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही न फिकटणारी लाली, आणि सावळ्या कातडीवर तीच लाली काळपट किंवा जांभळट दिसते. या टप्प्यावर लक्ष गेलं तर बहुतेकदा जखम होत नाही. भिजलेला डायपर तासन्‌तास तसाच राहिला, प्रथिनं कमी पडली किंवा चादरीवरून ओढत वर सरकवलं की कातडी लवकर फाटते.

म्हणून केंद्राकडे तीन गोष्टी मागा: दाखल करतानाची त्वचेची नोंद, कूस बदलल्याचा तक्ता आणि जखम पहिल्यांदा कुणी, कधी पाहिली त्याची नोंद. तक्ता नसेल तर ते तुमच्या तक्रारीतलं सर्वांत वजनदार वाक्य आहे. तक्ता असेल, पण महिनाभराच्या सगळ्या सह्या एकाच हाताच्या आणि एकाच पेनाच्या असतील, तर त्याचा फोटो काढून ठेवा. जखमेचे फोटो शेजारी पट्टी धरून, तारखेसह काढा आणि बाहेरच्या सर्जनकडून जखमेची श्रेणी लिहून घ्या. हाड दिसणारी चौथ्या श्रेणीची जखम एका रात्रीत होत नाही. मधले दिवस कुणी का पाहिलं नाही, हा प्रश्न मग केंद्राला विचारता येतो.

दाखल करतानाच पाठ, टाचा, कोपरांचे फोटो काढून केंद्राच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवणं सगळ्यात चांगलं. ‘घरूनच जखम घेऊन आले होते’ हा वाद मग होत नाही.

८. आईला पलंगाला बांधून ठेवतात, पडू नये म्हणून. हे चालतं का?

नेहमीची सोय म्हणून मुळीच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधण्यावर संपूर्ण बंदी आहे. शारीरिक बंधन फक्त तात्काळ, समोर दिसणारी इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि गरजेपुरत्याच वेळासाठी घालता येतं. त्याची कारणांसह नोंद करावी लागते. कर्मचारी कमी आहेत हे कारण त्या कायद्याला मान्य नाही. जे ठिकाण त्या कायद्याखाली येत नाही तिथेही मोठ्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बांधणं हा फौजदारी प्रश्न होऊ शकतो.

मनगटावर वळ दिसले तर फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी विचारा. पलंगाची उंची कमी करणं, खाली गादी टाकणं, रात्री शौचाला वेळेवर नेणं याने पडण्याचे बरेच प्रसंग टळतात. आणखी एक गोष्ट पाहा. दोरी सोडून गोळ्यांनी गुंगीत ठेवण्याचा प्रकारही होतो. पूर्वी बोलणारी आई दुपारीही जागी होत नसेल तर औषधांची यादी मागून तिच्या जुन्या डॉक्टरांना दाखवा.

९. केस पेपर मागितले तर ‘डिस्चार्जनंतर देऊ’ म्हणतात.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. झेरॉक्सचे पैसे ते मागू शकतात, नकार देऊ शकत नाहीत. ही जबाबदारी डॉक्टरांची आहे. डॉक्टर नसलेल्या वृद्धाश्रमाशी करार करतानाच ‘रोजच्या नोंदवहीची प्रत मागताच मिळेल’ हे वाक्य घालून घ्या.

१०. बिल वादात आहे म्हणून पेशंटला सोडत नाहीत. डिपॉझिटही परत देत नाहीत.

पैशासाठी माणसाला अडवून ठेवता येत नाही आणि मृतदेहही अडवता येत नाही. रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे. बिलाची वसुली दिवाणी मार्गाने करायची असते. अडवलं तर ११२ वर फोन करा आणि ‘बिलाचा वाद आहे’ असं न म्हणता ‘माणसाला डांबून ठेवलंय’ असं सांगा. वादातली रक्कम ‘हरकत नोंदवून’ भरून आधी माणूस घरी आणणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे. भरलेली रक्कम पुढे मागता येते.

डिपॉझिटसाठी करार वाचा. ‘कोणत्याही कारणाने परतावा नाही’ असं छापलेलं असलं तरी तो शेवटचा शब्द नसतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अवाजवी अनामत घेणं किंवा कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा ठेवणं हे ‘अनुचित करार’ या सदरात येतं. करारच अनुचित ठरवून घ्यायचा असेल तर तक्रार जिल्हा आयोगात न करता राज्य आयोगात करावी लागते. सेवेतल्या त्रुटीबद्दल पैसे परत हवे असतील तर प्रश्न १२ पाहा.

११. पोलिसांकडे कधी जायचं?

मारहाण, लैंगिक छळ, दागिने किंवा पेन्शनची लूट, डांबून ठेवणं, उपाशी ठेवणं किंवा संशयास्पद मृत्यू, यांपैकी काहीही असेल तर लगेच. हद्दीचा वाद घातला तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा. मृत्यूबद्दल शंका असेल तर अंत्यसंस्काराआधीच पोलिसांना लेखी कळवून शवविच्छेदन मागा. त्या क्षणी हे सुचणं किती कठीण असतं याची जाणीव आहे, पण नंतर तो पुरावा कुठूनही मिळत नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३५७ फारसं कुणाला माहीत नसतं. आजारामुळे किंवा अशक्तपणामुळे असहाय असलेल्या माणसाची काळजी घेण्याचा कायदेशीर करार करून जाणूनबुजून ती न घेणं हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा लहान असली तरी केअर सेंटरच्या करारावर बेतल्यासारखं हे कलम आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख करा.

डॉक्टरांच्या उपचारातल्या निष्काळजीपणाबद्दल मात्र लगेच गुन्हा नोंदला जात नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिल्याप्रमाणे आधी तज्ज्ञ डॉक्टरांचं स्वतंत्र मत घ्यावं लागतं.

१२. पैसे मी भरतो, राहते आई. ग्राहक आयोगात कोण जाणार?

दोघांपैकी कुणीही. पैसे भरणारा ग्राहक असतोच आणि त्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही ग्राहक असते. आई हयात नसेल तर कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. मुदत दोन वर्षांची. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्कच नाही. हा आकडा तुम्ही केंद्राला भरलेल्या पैशांचा आहे, मागितलेल्या भरपाईचा नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीत तर कधी कधी डिपॉझिटसारखी बाब तिथेच मिटते. निकाल कायद्यात लिहिलेल्या महिन्यांत लागेल असं समजून बसू नका, वेळ लागतो.

एक मोठा अपवाद आहे. सगळ्यांना पूर्णपणे मोफत सांभाळणारी संस्था ग्राहक कायद्यात येत नाही. शांता प्रकरणातल्या १९९५ च्या निकालापासून वैद्यकीय सेवेबाबत हे ठरलेलं आहे. पण काहीजण पैसे भरतात आणि काहींना मोफत ठेवलं आहे अशा रुग्णालयातला मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. पूर्ण मोफत संस्थेविरुद्ध धर्मादाय आयुक्त, समाजकल्याण आणि पोलीस हे मार्ग उरतात.

१३. तक्रार केली तर बाबांनाच त्रास देतील. गप्प बसावं असं वाटतं.

ही भीती जवळजवळ प्रत्येक पत्रात असते आणि ती खरी आहे. तुम्ही संध्याकाळी घरी येता, बाबा तिथेच राहतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पुरावा, मग पर्यायी जागेची चौकशी आणि तक्रार त्यानंतर. पुरावा हातात नसताना केलेलं भांडण केंद्राला सावध करतं, बाकी काही नाही.

नोंदणी, आग, खाटांची संख्या, नर्सचं प्रमाण याबद्दलची तक्रार रुग्णाचं नाव न घेताही करता येते. ती जागेबद्दल असते. शक्य असेल तर इतर दोन-तीन कुटुंबांना सोबत घ्या. रविवारी भेटीच्या वेळी बाहेरच्या बाकावर ओळखी होतातच आणि त्यांनाही तेच दिसत असतं. भेटीच्या वेळा बदलत्या ठेवा. जेवणाच्या वेळी, रात्री आठनंतर, सणाच्या दिवशी जा, कारण कर्मचारी तेव्हाच कमी असतात. तोंड कोरडं आहे का, नखं कापली आहेत का, पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यात आहे का, हे पाहा. आणि कर्मचारी बाजूला नसताना थोडा वेळ बाबांना बोलू द्या. स्मृतिभ्रंश असला तरी ‘तो मुलगा रात्री ओरडतो’ हे वाक्य कल्पना म्हणून उडवून लावू नका.

बारा तासांच्या ड्यूटीवर एकटीने दहा-बारा पेशंट सांभाळणाऱ्या मावशीवर सगळा राग काढू नका. तक्रारीत तिच्या नावाआधी मनुष्यबळाचा आकडा लिहा. ती माणसं नेमणं मालकाची जबाबदारी आहे.

१४. मी अमेरिकेत आहे. इथून काय करू शकतो?

ईमेल, ग्राहक आयोगाची ऑनलाइन तक्रार आणि ‘आपले सरकार’वरची तक्रार तिथूनही होते. ग्राहक आयोगात दूरदृश्य प्रणालीने सुनावणी मागता येते. पण जखम पाहायला माणूसच लागतो. भारतात एका व्यक्तीला लेखी अधिकारपत्र द्या: नोंदी मागणं, बाहेरचे डॉक्टर आणणं, रुग्णाला हलवणं. केंद्राला त्याची प्रत आधीच द्या. व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा पाहू नका, महिन्यातून एकदा टाचा आणि पाठ दाखवायला सांगा. जास्त पैसे भरले म्हणजे जास्त लक्ष, हे समीकरण खरं असतंच असं नाही.

१५. शेजारच्या केंद्रातून रोज ओरडण्याचे आवाज येतात. माझं तिथे कुणीच नाही. मी तक्रार करू शकते का?

हो. विनानोंदणी केंद्राची माहिती कुणीही देऊ शकतं. दिव्यांग व्यक्तीचा छळ होत असल्याचं वाटत असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. एल्डरलाइनही आहेच. ग्राहक आयोगाचं दार मात्र तुमच्यासाठी नाही, कारण तुम्ही ग्राहक नाही.

१६. बेळगाव, इंदूर, गोवा इथे हेच लागू आहे का?

ग्राहक, फौजदारी, मानसिक आरोग्य, दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक हे केंद्रीय कायदे सगळीकडे आहेत. नोंदणीचा कायदा बदलतो. कर्नाटकात २००७ चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा आहे, मध्य प्रदेशात १९७३ चा. गोव्यात महाराष्ट्राचा कायदा चालत नाही, तिथल्या आरोग्य संचालनालयाकडे विचारा.

१७. भावाने आईला केंद्रात ठेवलंय आणि मला भेटू देत नाहीत. ‘ज्याने दाखल केलं त्याची परवानगी आणा’ म्हणतात.

आईला समजतंय आणि बोलता येतंय, तर कुणाला भेटायचं हे आई ठरवेल. पैसे भरणारा मुलगा तिचा मालक होत नाही. तिची इच्छा लेखी किंवा व्हिडिओवर नोंदवून केंद्राला द्या. तरी अडवलं तर पोलिसांत अर्ज करा. तिला जबरदस्तीने ठेवल्याचं दिसत असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असं सांगणारी, याचिका करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

आईला समजत नसेल तर प्रकरण अवघड होतं. पालकत्वासाठी न्यायालयात जावं लागतं आणि भावाबहिणींचे जुने हिशेब तिथे निघतात. २००७ च्या कायद्याखालचं प्रांतांकडचं (उपविभागीय अधिकाऱ्यांकडचं) न्यायाधिकरण इथे फार उपयोगी नाही. ते मुलांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे, केंद्राविरुद्धच्या तक्रारीसाठी नाही. तरीही अनेकजण आधी तिथेच जातात आणि त्यात महिने जातात.

१८. महापालिकेला पत्र दिलं, काहीच झालं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तर ३० दिवसांत. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, गेल्या तीन वर्षांतले तपासणी अहवाल, दिलेल्या नोटिसा आणि तुमच्या आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिप्पण्यांच्या प्रती मागा. तपासणी झालीच नसेल तर तेही लेखी मिळतं आणि पुढे आयुक्तांकडे किंवा आयोगात तेच उपयोगी पडतं. सरकारी यंत्रणेच्याच दुर्लक्षाबद्दल राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जाता येतं.

१९. माझ्या तक्रारीमुळे केंद्र बंद झालं तर बाकीचे आजी-आजोबा कुठे जातील?

नोंदणी रद्द करण्याआधी किमान एका महिन्याची नोटीस द्यावी लागते, केंद्राला बाजू मांडता येते आणि राज्य शासनाकडे अपीलही करता येतं. तो महिना सुधारणेसाठी असतो. विनानोंदणी जागा मात्र एका दिवसात रिकामी करायला लावली जाऊ शकते आणि मग नातेवाईक नसलेल्या माणसांचे हाल होतात. म्हणून अशा तक्रारीत शेवटचा परिच्छेद आवर्जून लिहा: ‘कारवाई करताना येथील निवासींची पर्यायी सोय समाजकल्याण विभागाच्या मदतीने आधी करावी.’ त्या पत्राची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. २००७ च्या कायद्याची अंमलबजावणी करण्याचे अधिकार राज्य शासन त्यांना देऊ शकतं आणि दोन्ही विभागांना एका टेबलावर बसवणं त्यांनाच जमतं.